मागच्या रांगेची आखणी

साहेबांनी बूट काढले तेव्हा मला वाटलं, झालं आपलं काम.

बंदराच्या बाहेरचं ते गोदाम होतं. परदेशी जाणारा माल कंटेनरमध्ये भरायच्या आधी कस्टमवाले तिथे तपासतात. वर पत्रा, मे महिना, आणि आत भट्टी पेटलेली. आमची लाकडी खोकी दोन रांगांत लावून ठेवली होती आणि प्रत्येक खोक्यात पेंढ्यात बसवलेला एकेक गणपती होता. शेवडेसाहेब पहिल्या खोक्यापाशी आले, थबकले, आणि कोणी काही म्हणायच्या आत वाकून त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. डाव्या पायाचा मोजा अंगठ्याला फाटला होता. एवढा मोठा अधिकारी आणि मोजा फाटका, म्हणून मला हसूच आलं. पण जीवही भांड्यात पडला. जो माणूस खोक्यातल्या गणपतीसमोर बूट काढतो, तो गणपतीला अडवणार नाही, असा माझा साधा हिशोब.

"कारखान्याचं माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

"मी. रंजना मोकल. हिराजी मोकलांची मुलगी."

"वडील नाही आले?"

"आलेत. बाहेर टेम्पोत बसलेत. त्यांना उकाडा सोसत नाही."

खरं तर बाबांना उकाड्याचं काही नव्हतं. सगळं आयुष्य त्यांनी पेणजवळच्या आमच्या गावात पत्र्याच्याच शेडमध्ये गणपती घडवण्यात घालवलेलं. पण गोदामाच्या फाटकाशी टेम्पो थांबला तेव्हा ते म्हणाले होते, "तू जा. मना आत नको." चेहरा राखेसारखा झालेला. मी म्हटलं, बसा. तपासणीला मूर्ती उघडायची आणि नीट बंद करायची, त्याला एक माणूस पुरे. रंग खरवडला तर हात फिरवायला मी ब्रश आणि डब्या पिशवीत घेतल्याच होत्या.

"उघडा," साहेब म्हणाले. "पण सांभाळून. धक्का लागला तर पाप तुम्हाला लागेल आणि वाटा मलाही मिळेल."

हा माल आज सुटायलाच हवा होता. माझा धाकटा भाऊ धनेश शारजात अडकला होता. प्रमोद दिघे म्हणून पनवेलचा एक निर्यातदार होता, त्याने आदल्या दिवाळीत त्याला तिकडच्या गोदामात कामाला लावलं. वीस वर्षांचं पोर, बंदराच्या कामात नोकरी मिळाली नाही म्हणून रोज उठून आईशी भांडणारं, उड्या मारत गेलं. गेल्या गेल्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला. पुढे त्याचे फोन असे यायला लागले, जणू बाजूला कोणीतरी उभं आहे. आधी तासभर बडबडणारा मुलगा, आता "बरा आहे, जेवलो" एवढंच. शेवटच्या दोन फोनांत मात्र एक वाक्य वाढलं होतं. "बाबांना सांग, दिघेंचं काम करून टाका."

दिघे स्वतः घरी आला होता, पेढ्यांचा पुडा घेऊन. "हिराजीशेठ," तो म्हणाला, "तिकडच्या आपल्या लोकांना गणपती हवेत. तुमच्या हातचे. ज्या दिवशी हा माल तिकडे उतरेल, त्या दिवशी तुमचा मुलगा विमानात बसेल. मी आहे ना." आणि मग आईकडे बघून, "माल नाही पोचला, तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही, वहिनी." असं गोड हसत सांगितलं की आईने त्याला आणखी चहा दिला. दिघे गेल्यावर ती पेढा हातात धरून बसून राहिली. खाल्ला नाही तिने तो.

बाबांनी काम घेतलं. पुढच्या शेडमधल्या मूर्ती मी आणि बाकीच्या बायांनी रंगवल्या. मागच्या शेडला त्यांनी कुलूप घातलं आणि दिघेची दोन माणसं मदतीला घेऊन स्वतः ओतकाम केलं. मी विचारलं तर म्हणाले, "नवीन साचा हाय." आमच्या गावात हे काही नवल नाही. नवा साचा शेजारच्या कारखानदाराला दिसला, की आठ दिवसांत तसेच गणपती त्याच्या दारात उभे. सख्खा चुलतभाऊसुद्धा चोरतो. मी गप्प राहिले. रंगवायचं काम मागच्या शेडचंही त्यांनीच केलं आणि बांधाबांधही त्यांनीच केली.

साहेबांनी पुढच्या रांगेतली तीन खोकी उघडायला लावली. मी पट्ट्या कापल्या, पेंढा बाजूला सारला, तोंडावरचा कागद काढला. गणपती हसत बाहेर आले. साहेबांनी प्रत्येकाला हात जोडले. तिसऱ्यापाशी म्हणाले, "काय डोळे आहेत हो! बघताहेत असं वाटतं."

"बाबांचा हात आहे. आमच्याकडे मोठ्या मूर्तींची आखणी तेच करतात."

"आखणी म्हणजे डोळे काढणं?"

"हो. बाकी रंग कोणीही लावावा. डोळे सगळ्यात शेवटी. त्या दिवशी बाबा आंघोळ करून बसतात आणि आखून होईपर्यंत कोणाशी बोलत नाहीत. आम्ही म्हणतो, आखणीच्या आधी प्लास्टर, आखणीनंतर देव. भटजी येऊन प्राणप्रतिष्ठा करतात ती तुमच्या घरी. आमच्यासाठी ती आधीच झालेली असते."

मी बोलत सुटले होते. भीती वाटली की मला बोलायला होतं. दिघेने नेमलेला क्लिअरिंग एजंट, कांबळी त्याचं नाव, माझ्या मागे उभा राहून खोकत होता. बस कर, असा त्याचा अर्थ. साहेबांनी कागदांवर सही करायला पेन काढलं. कांबळीने पाठ पुढे केली, कागद ठेवायला.

आणि साहेब म्हणाले, "मागच्या रांगेतलं एक बघू. नियम आहे."

कांबळी म्हणाला, "साहेब, सगळे सारखेच आहेत. उगाच देवाला त्रास."

"देवाला उकडतंय म्हणून नियम बदलत नाही, कांबळी."

मी मागचं एक खोकं उघडलं. पेंढा काढला. मूर्ती थोडी पुढे ओढायची म्हणून हमालाने हात घातला आणि म्हणाला, "हे भारी आहे." मीच उत्तर दिलं, की परदेशी माल, बोटीत आपटेल, म्हणून जाड ओतलाय. बाबांनी मला तसंच सांगितलं होतं. मग मी तोंडावरचा कागद काढला.

सोंड होती, दात होता, कपाळावर गंध होतं. पितांबराची जरसुद्धा एकेक रेघ काढून केली होती. भुवयाही होत्या. त्यांच्याखाली मात्र दोन गुळगुळीत गुलाबी खळगे.

मी लहानपणापासून हजारो गणपती बघितलेत, आखणीआधीचेही बघितलेत, त्याची कोणाला भीती वाटते? पण दागिने, गंध, सगळं लेवून बांधून परदेशी निघालेला आणि डोळे नसलेला गणपती मी कधी बघितला नव्हता.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"राहिलं असेल एखाद्याचं."

"दुसरं उघडा."

दुसऱ्यालाही नव्हते. तिसऱ्यालाही नव्हते. मग साहेबांनी मागची सगळी रांग उघडायला लावली. मी कागद काढत गेले. एकवीस गणपती, आणि एकाचेही डोळे आखलेले नाहीत.

गोदामातले हमाल जवळ आले होते. एक म्हातारा हमाल मागे सरला आणि त्याने डोक्याचं फडकं काढलं. कांबळी घामाने थबथबलेला. "साहेब, कच्च्या मूर्ती आहेत. पेणहून कच्चा माल जातोच की सगळीकडे."

"कच्च्या मूर्ती पांढऱ्या जातात," साहेब म्हणाले. "मी चौलचा आहे, कांबळी, मला शिकवू नका. आणि तुमच्या कागदावर लिहिलंय, पूर्ण रंगवलेल्या, तयार मूर्ती. माल कागदाप्रमाणे नसला तर मी तो सोडू शकत नाही." मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "वडिलांना बोलवा."

कांबळी धावला. बाबा आले ते डोळे न आखलेल्या रांगेकडे न बघता. साहेबांच्या पायांकडे बघत उभे राहिले. पायांत बूट नाहीत हे त्यांनी बघितलं आणि त्यांनीही चपला काढल्या.

"मोकल, हे असं का?"

"राहून गेलं," बाबा म्हणाले.

"एकवीस मूर्तींचं?"

"घाई होती, साहेब. गारी दारात उभी." आमच्या बोलीत गाडीची गारी होते आणि लाकडाची लाकरं. साहेब त्या भागातले, त्यांना कळत होतं.

साहेबांनी घाम पुसला. ते भले गृहस्थ होते, हे मी आजही म्हणते. त्यांना आम्हाला अडवायचं नव्हतं. त्यांना त्या रांगेकडे बघवत नव्हतं, एवढंच. "माल परत नेलात तर पुढची बोट कधी मिळेल?" त्यांनी कांबळीला विचारलं. कांबळी म्हणाला, तोवर पार्टी माल घ्यायचीच नाही, साहेब. माझ्या डोळ्यांसमोर धनेश आला. मी मध्येच बोलले. "साहेब, माझ्या पिशवीत रंग आहेत."

"मग?"

"इथेच आखते. बाबांकडून शिकलेय मी. लहान मूर्तींची आखणी मीच करते."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "आखा. आखा ना! दुपारपर्यंत होईल? कागदाप्रमाणे माल झाला की माझी सही. आणि अशा देवाला देशाबाहेर पाठवल्याचं पाप माझ्या डोक्यावर नको."

कांबळीने माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली. कोणी गोणपाट अंथरलं. हमालांनी पहिली मूर्ती खोक्यातून काढून माझ्यासमोर ठेवली. तिघांनी उचलली तरी त्यांना कण्हावं लागलं. एवढं जाड ओतलं बाबांनी, असा विचार मनात आला आणि तसाच गेला. मी हातपाय धुतले, ओले हात डोक्यावरून फिरवले, मांडी घालून बसले. पांढरा काढला, काळा काढला. बारीक ब्रशचं टोक ओठांत धरून सरळ केलं.

बाबा माझ्या बाजूला उभे होते. मी हळूच म्हटलं, "बाबा, नका घाबरू. करते मी नीट. धनेश येल आता."

मी वर बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, मुलीच्या हाती आखणी द्यावी लागली म्हणून त्यांना वाईट वाटतंय. रागही आला. पोर तिकडे अडकलंय आणि ह्यांना हाताचा मान हवाय! मी मूर्तीला नमस्कार केला. पांढऱ्यात ब्रश बुडवला. डाव्या डोळ्याच्या खळग्यापाशी हात नेला.

"नको!"

बाबा एवढ्या जोराने ओरडले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या बाबांनी मला कधी हात लावला नव्हता, मारायला नाही की ओढायला नाही. त्यांची बोटं मनगटात रुतली.

"नको आखू. सोर तो ब्रश."

"बाबा, काय करताय? धनेश..."

"मना माहीत हाय धनेश!" ते म्हणाले. "तूच काय त्याची बहीण? मी बाप हाय त्याचा!"

साहेब पुढे आले. "मोकल, काय झालं? मुलगी आखतेय तर आखू दे."

बाबांनी माझं मनगट सोडलं नाही. बोलले ते साहेबांशी नाही, माझ्याशी.

"ह्या फुटनार हायेत गं, पोरी. तिकरं पोचल्या का हातोरीनं फोरनार त्या. सगल्या. म्हनून नाय आखले मी. डोले नसले तं पलास्टर हाय नुसतं, फोरलं तं फोरलं. तू डोले दिलंस तं तो देव झाला. मग मी देव फोराला पाठवला, असं होल."

मला अजूनही कळलं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, फोडणार कशाला? एवढे सुरेख गणपती फोडायला कोण घेईल? साहेबांना मात्र कळलं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलला. गोरेगोमटे होते, पांढरेफटक पडले.

"का फोडणार, मोकल?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आत काय आहे?"

बाबांनी माझा हात सोडला.

कांबळी दाराकडे सरकला होता. साहेबांनी नुसतं बोट दाखवलं आणि दोन शिपायांनी त्याला धरलं. खोकी उघडायला आणलेली हातोडी जमिनीवर पडली होती. साहेबांनी ती उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मग एका हमालापुढे धरली. हमालाने हात मागे घेतले. दुसऱ्यानेही मान हलवली. साहेब स्वतःच्या फाटक्या मोज्यांवर त्या मूर्तीसमोर उभे होते आणि त्यांचा हात काही वर जाईना.

"द्या इकरं," बाबा म्हणाले.

त्यांनी हातोडी घेतली, मूर्ती कुशीवर केली आणि पाठीवर घाव घातला. दुसऱ्या घावाला प्लास्टर तडकलं. काथ्या लोंबला. बाबांनी काथ्या उपसला आणि आत हात घालून एक ओंडका बाहेर ओढला. काळपट लाल, सालं तासलेला, मांडीएवढा जाड. प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीत तो पडला तेव्हा त्याची लाल पूड सांडली.

ते लाकूड मी ओळखलं. आमच्या घरी फडताळात त्याचा बोटभर तुकडा असायचा. कोणाचा पाय मुरगळला, गालगुंड आलं, की आई तो सहाणेवर उगाळून लावायची.

"रक्तचंदन," साहेब म्हणाले. "आंध्रातल्या डोंगरांवरचं. हे झाड तोडायलाच परवानगी नाही. देशाबाहेर न्यायला तर नाहीच." मग बाबांकडे बघून, अगदी दुखावल्यासारखं, "तुम्ही गणपतीच्या पोटात घातलंत, मोकल?"

"पोराला धरून ठेवलाय त्यांनी, साहेब."

"मला आधी सांगायचं."

"आथा सांगितलं ना," बाबा म्हणाले. आणि दुसरी मूर्ती कुशीवर घेतली.

एकवीसही त्यांनीच फोडल्या. कोणालाही हात लावू दिला नाही. मी गोणपाटावर बसून होते, हातात ब्रश तसाच, त्यावरचा पांढरा रंग वाळून कडक झाला होता. प्रत्येक घावाला मला आमच्या भावाचं काहीतरी फुटल्यासारखं वाटत होतं. मी ओरडायला हवं होतं, बाबांच्या अंगावर जायला हवं होतं. मनात एकच होतं, बाबा एक क्षण गप्प बसले असते, तर. मी आखले असते. साहेबांनी सही केली असती. बोट गेली असती.

पंचनामा झाला. बाबांना जीपमध्ये बसवलं तेव्हा त्यांच्या केसांत, पापण्यांवर प्लास्टर होतं. साहेब त्यांना म्हणाले, "मुलाचं मी वर कळवतो. जे होईल ते करतो." त्यांनी केलंही असेल. त्यांच्या कपाटातल्या कागदांचं पुढे काय होतं, ते त्यांच्या हातात नसतं. दिघेचा फोन त्याच दुपारी बंद झाला. पनवेलच्या त्याच्या ऑफिसात पोलीस पोचले तेव्हा तिथे खुर्च्यासुद्धा नव्हत्या. कांबळीला काही माहीत नव्हतं म्हणे.

मी टेम्पोने घरी आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आईने धनेशसाठी सुके जवळे भाजून डब्यात भरून ठेवले होते. दिघे म्हणाला होता ना, माल उतरला की विमान. तिच्या हिशेबात माल उतरलाच होता. "ह्ये कुठं?" तिने विचारलं. मी तोंड उघडणार तोच माझ्या पिशवीतला मोबाइल वाजला.

"रंजू, सुटला काय गं माल?"

धनेशचा आवाज. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाय रं," मी म्हटलं. "पकडला. बाबांना घेऊन गेले."

पलीकडे पंख्याचा का कसलातरी घरघराट होता.

"मारलं काय बाबांना?"

"नाय. मारलं नाय. धनेश, आयक, तू तिथून कसापन..."

"क्या बोला?" त्याच्या बाजूने कोणीतरी विचारलं. जाड आवाज.

आणि माझा भाऊ हसला. लहानपणी आईची बरणी फोडून मांजरावर ढकलताना जसं हसायचा तसं. "निकल गया, भाई," तो म्हणाला. "माल निकल गया. सब ठीक." मग मला, भरभर, "आयेला सांग, जेवलो मी." फोन कट झाला.

त्यानंतर धनेशचा आवाज आम्ही कोणी ऐकलेला नाही. त्याने स्वतःसाठी किती दिवस मिळवले असतील, चार का आठ, मला माहीत नाही. दिघे त्यांनाही न कळवता पळाला असणार, म्हणून बोट बंदरात लागली आणि त्यात आमची खोकी नाहीत हे कळेपर्यंतचे, एवढं खरं. आम्ही पोलिसांत गेलो, मंत्रालयात गेलो, वकिलातीला पत्रं घातली. तिकडून आलेल्या एका गाववाल्याने सांगितलं की ते गोदामच आता तिथे नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणून तेराव्याचं जेवणही घातलं नाही.

बाबा जामिनावर सुटून आले तेव्हा आई त्यांच्याशी बोलायची नाही. ताट वाढायची आणि आत जायची. पण गावात भलतंच झालं होतं. पेपरात छापून आलं, मूर्तिकाराने देवाचा मान राखला. लोक पाया पडायला यायला लागले. कोणी म्हणायचं, हिराजीने पोरगा दिला पण देव नाही फोडू दिला. मला त्यांना चपलेने मारावंसं वाटायचं. पोरगा देणं म्हणजे काय हे त्यांच्या घरात कोणी विचारलं होतं? आईने मात्र हळूहळू ते धरलं. आधी नुसतं ऐकायची, मग मान हलवायला लागली. पुढे स्वतःच सांगायला लागली. देवाने बघितलंय त्यांनी काय केलं ते. ज्याचा मान राखला तो पोराला राखल्याशिवाय राहणार नाही. धनेश येणार. ती बाबांशी पुन्हा बोलायला लागली ती यावरच. दर चतुर्थीला त्याच्या नावाचा एक मोदक वेगळा काढते, आजही.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला आले. बाबांची तब्येत गेल्या पावसाळ्यात ढासळली तेव्हा मी महिनाभर माहेरी होते. एका सकाळी आई देवळात गेली होती. मी त्यांना पेज भरवत होते. दोन घास घेऊन त्यांनी हाताने नको केलं.

"रंजू," ते म्हणाले, "तवा मी गप बसाला पायजे होतं काय गं?"

गोदामातल्या त्या दिवसापासून हा प्रश्न कोणी विचारेल म्हणून मी थांबले होते. उत्तर किती वेळा घोळवलं होतं. कधी रागाचं, कधी मऊ. बाबा, तुम्ही बरोबर होतात, असं म्हणायचंही ठरवलं होतं. आजारी माणसाला तेच म्हणतात. पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खोटं बोलवेना.

"हो," मी म्हटलं. "गप्प बसायला हवं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. दाराकडे बघितलं, आई येतेय का म्हणून.

"मना पन तसंच वाटतं," ते म्हणाले. "आयशीला नको सांगू."